घरातला शेअर ड्राइव्ह दर काही दिवसांनी गायब होतो, बॅकअप अडकतो: कारण कसं शोधायचं

लॅपटॉपवरच्या झेड ड्राइव्हवर लाल फुली येते. टीव्हीला फोटोंचं फोल्डर सापडत नाही. रात्री दोनचा बॅकअप ‘अयशस्वी’ अशी नोंद टाकून थांबलेला असतो. नॅस (घरातल्या सगळ्यांसाठी नेटवर्कवर जोडलेली डिस्कची पेटी) आणि राउटर बंद करून चालू केले की सगळं पूर्ववत होतं. मग आठ-पंधरा दिवसांनी, बहुतेक वेळा लाइट जाऊन आल्यावर, पुन्हा तेच.

बंद-चालू केल्याने दोष जात नाही, त्याच्या खुणा तेवढ्या पुसल्या जातात. त्या वेळी नॅसला कोणता पत्ता मिळाला होता, लॅपटॉप कोणत्या राउटरवर होता, विंडोजने नेमका कोणता एरर दिला, यातलं काहीच नंतर कळत नाही. म्हणून पुढच्या वेळी ड्राइव्ह गेला की आधी पाच मिनिटं तपासणीला द्या आणि मगच बटण दाबा.

पुढचं सगळं एका नेहमीच्या मांडणीला धरून आहे: दिवाणखान्यात फायबर कंपनीचा राउटर, आतल्या खोलीत रेंज मिळावी म्हणून घेतलेला दुसरा राउटर, दोन डिस्कचा नॅस आणि दोन-तीन लॅपटॉप. नॅस सिनॉलॉजीचा असो, क्यूनॅपचा असो किंवा जुन्या पीसीवर ट्रूनॅस टाकून केलेला असो, तपासणी तीच.

पाच मिनिटांत काय पाहायचं

कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ चालवा. लॅपटॉपचा पत्ता आणि डिफॉल्ट गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता, लिहून घ्या. नॅसचा पत्ता त्यांच्याशी ताडून पाहा. घरगुती नेटवर्कमध्ये पहिले तीन आकडे जुळायला हवेत. लॅपटॉप १९२.१६८.१.३४ आणि नॅस १९२.१६८.१.५० असेल तर दोघं एका नेटवर्कवर आहेत, नॅस १९२.१६८.०.५० असेल तर नाहीत. मग नॅसच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते पाहा. त्यानंतर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत \\१९२.१६८.१.५० असा पत्ता थेट टाका (अंक अर्थातच इंग्रजी). शेवटी आकड्यांच्या जागी नॅसचं नाव टाकून पाहा.

पिंगलाच उत्तर नसेल तर गडबड पत्त्यात, केबलमध्ये किंवा दोन राउटरच्या जोडणीत आहे. पिंग चालतं पण आकड्यांनीही शेअर उघडत नसेल तर लॉगिनचा, फायरवॉलचा किंवा एसएमबीचा, म्हणजे नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याच्या पद्धतीचा, प्रश्न आहे. आकड्यांनी उघडतो पण नावाने उघडत नसेल तर नाव शोधण्याची यंत्रणा अडली आहे; अशा वेळी ड्राइव्ह आकड्यांनीच मॅप करावा, म्हणजे ड्राइव्हचं अक्षर आकडी पत्त्याला जोडावं, आणि पुढे जावं. आणि एक्सप्लोररच्या डाव्या बाजूच्या ‘नेटवर्क’ यादीत नॅस दिसत नाही एवढ्यावरून तो बंद आहे असं समजू नका. ती यादी भरणारी यंत्रणा वेगळी असते. यादीत नाव नसतानाही शेअर व्यवस्थित उघडू शकतो.

पत्ता बदलतो, आणि तो का बदलतो

लाइट जाऊन आल्यावर ड्राइव्ह गायब होत असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा. राउटर प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी पत्ता देतो. मुदत अनेकदा चोवीस तासांची असते आणि निम्मी संपली की उपकरण ती वाढवून मागतं. हे सुरळीत चालू असेपर्यंत नॅसचा पत्ता महिनोन्‌महिने तोच राहतो आणि तो कायमचाच आहे असं वाटायला लागतं. पण कोणाला कोणता पत्ता दिला ही यादी बरेच घरगुती राउटर फक्त तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. वीज गेली की यादी गेली. वीज आल्यावर जो आधी मागेल त्याला पत्ता मिळतो, आणि काल नॅसकडे असलेला ५० नंबर आज एखाद्या मोबाइलकडे जातो.

दुसरा प्रकार जास्त चकवतो. फायबरचा राउटर पूर्ण सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. तोवर नॅसने पत्ता मागितला आणि कोणी उत्तर दिलं नाही, तर तो स्वतःलाच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता लावून घेतो. काही उपकरणं नंतर पुन्हा विचारत राहतात, काही तशीच बसून राहतात. नॅसचे दिवे हिरवे, पंखा चालू, आणि नेटवर्कवर मात्र तो कुठेच नाही.

उपाय: राउटरच्या सेटिंग पानावर लॅन (घरातलं नेटवर्क) किंवा डीएचसीपी (पत्त्यांचं वाटप) विभागात ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा. तिथे नॅसचा मॅक पत्ता (नेटवर्क पोर्टचा ओळख क्रमांक) टाकून त्याच्या नावावर एक आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा. काही राउटरना राखीव पत्ता त्यांच्या वाटपाच्या टप्प्यातलाच लागतो, काहींना टप्प्याबाहेरचा. एक नाकारला तर दुसरा द्या. नॅसला दोन लॅन पोर्ट असतील तर मॅक पत्तेही दोन असतात. केबल एका पोर्टमध्ये आणि राखीव पत्ता दुसऱ्याच्या नावावर, ही गफलत हमखास होते.

नॅसच्याच सेटिंगमध्ये पत्ता पक्का करून टाकणं सोपं वाटतं, पण घरासाठी राउटरवरचं रिझर्व्हेशन बरं. इंटरनेटची कंपनी बदलली की राउटर बदलतो आणि आकड्यांची मालिकाही बदलते. जिओफायबरचा राउटर सहसा १९२.१६८.२९.१ वर असतो, इतर बरेच १९२.१६८.१.१ वर. नॅसमध्ये जुना पत्ता घट्ट बसवलेला असेल तर नव्या राउटरवर तो दिसतच नाही, आणि सेटिंग बदलायला त्याच्यापर्यंत पोचताही येत नाही. रिझर्व्हेशन असेल तर तो नव्या राउटरकडून निमूट पत्ता घेतो. तुम्ही फक्त रिझर्व्हेशन नव्याने टाकायचं आणि ड्राइव्ह पुन्हा मॅप करायचा.

दोन राउटर, दोन नेटवर्क

फायबरच्या राउटरमधून निघालेली केबल दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटच्या केबलसाठीच्या खाचेत) घातली की घरात दोन वेगळी नेटवर्कं तयार होतात. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून काही बिघडलंय हे लक्षातच येत नाही. ओळखायची खूण अशी: आतल्या राउटरवरचा लॅपटॉप बाहेरच्या राउटरला जोडलेल्या नॅसला पत्त्याने गाठू शकतो, पण उलट दिशेने, म्हणजे बाहेरच्या राउटरवरचा टीव्ही आतल्या नॅसला गाठू शकत नाही. त्यातून लॅपटॉप कधी या वाय-फायवर, कधी त्या. म्हणून तक्रार ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी येते.

दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, प्रश्न मिटला. नसेल तर हाताने करा. आधी दुसऱ्या राउटरचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या मालिकेतला पण मोकळा असा द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. मग त्याचा डीएचसीपी सर्व्हर बंद करा. त्यानंतर केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये घाला. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी चालू असतानाच केबल लॅनमध्ये घातली तर एका नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोन राउटर होतात. मग कोणत्या उपकरणाला कोणाकडून पत्ता मिळेल याचा नेम राहत नाही, आणि हा दोष शोधायला फार जिवावर येतं. संशय असेल तर दोन-तीन लॅपटॉपवर ‘आयपीकॉन्फिग’ला ‘ऑल’ (/all) जोडून चालवा आणि ‘डीएचसीपी सर्व्हर’ ही ओळ पाहा. सगळीकडे एकच पत्ता दिसला पाहिजे.

गेस्ट वाय-फायवर जोडलेला लॅपटॉप नॅसपर्यंत पोचत नाही, पोचूही नये. गेस्ट नेटवर्क त्यासाठीच असतं. लॅपटॉपने पाहुण्यांचा पासवर्ड लक्षात ठेवला असेल तर तो तिथून काढून टाका.

वीज

नॅसला यूपीएस आहे पण राउटर आणि स्विच साध्या प्लगवर, ही अर्धी सोय. वीज गेल्यावर नॅस चालू राहतो, पण ज्याच्यातून त्याच्याशी बोलायचं तोच बंद. तिन्ही एकाच यूपीएसवर घ्या. दोन डिस्कचा नॅस साधारण १५ ते ३० वॉट घेतो, राउटर दहाच्या आसपास, त्यामुळे ६०० व्हीएचा यूपीएस या कामाला पुरतो. घरात इन्व्हर्टर असेल आणि तो ‘यूपीएस’ मोडवर नसेल, तर वीज बदलण्याच्या क्षणी राउटर रीस्टार्ट होऊ शकतो. ट्यूबलाइट नुसती लुकलुकते, पण राउटरचे दिवे पुन्हा पहिल्यापासून लागतात. इन्व्हर्टरच्या मागचं किंवा पुढचं ते बटण एकदा पाहून घ्या.

यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर त्याची केबल नॅसला जोडा आणि नॅसच्या पॉवर सेटिंगमध्ये यूपीएस चालू करा. पाच मिनिटं वीज नसली की नॅसने स्वतः नीट बंद व्हावं असं ठरवून द्या. त्याच पानावर ‘वीज आल्यावर आपोआप सुरू हो’ हा पर्याय असतो, तोही लावा, नाहीतर दुपारी गेलेल्या लाइटमुळे रात्रीचा बॅकअप बुडतो. बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते. यूपीएस बीप करतोय पण दोन मिनिटांत मान टाकतोय, तर तो नसल्यातच जमा.

पिंग चालतं, शेअर उघडत नाही

इथे एररचा आकडा महत्त्वाचा. ५३ किंवा शेवटी ८००७००३५ असलेला कोड म्हणजे वाट सापडली नाही: चुकीचं नाव, बंद पडलेली एसएमबी सेवा किंवा फायरवॉल. ५ म्हणजे तुम्हाला ओळखलं, पण त्या फोल्डरची परवानगी नाही. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. १२१९ म्हणजे त्याच नॅसला तुम्ही आधीच दुसऱ्या नावाने जोडलेले आहात. विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी दोन नावांनी बोलू देत नाही. १२१९ साठी ‘नेट यूज’ने चालू जोडण्या पाहा, जुनी काढा, मग कंट्रोल पॅनेलमधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जाऊन नॅसच्या नावाच्या आणि पत्त्याच्या अशा दोन्ही नोंदी पुसून नव्याने लॉगिन करा. दोन्ही म्हणण्याचं कारण असं की विंडोज नाव आणि पत्ता यांना दोन वेगळे सर्व्हर समजतं, त्यामुळे एकीकडे नवा पासवर्ड आणि दुसरीकडे जुना पडून राहतो.

वर्षानुवर्षं पासवर्डशिवाय उघडणारा शेअर विंडोजच्या अपडेटनंतर बंद झाला असेल तर कारण ठरलेलं आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो प्रकारात पाहुणा म्हणून, पासवर्डविना जोडणं बंद आहे आणि एसएमबी सायनिंग (प्रत्येक संदेशावर खातरजमेची सही) सक्तीचं आहे. इंटरनेटवर रजिस्ट्री बदलून हे शिथिल करण्याचे सल्ले भरपूर मिळतील. ते करू नका. नॅसवर घरातल्या प्रत्येकासाठी खरं नाव आणि पासवर्ड असलेलं खातं काढा, दहा मिनिटांचं काम आहे. लॉगिन करताना तेच नाव-पासवर्ड द्यायचं. विंडोज उघडायचा चार आकडी पिन इथे चालत नाही.

राउटरच्या मागे यूएसबी डिस्क लावून शेअर करणाऱ्यांची अडचण वेगळी. जुन्या राउटरपैकी अनेकांना फक्त एसएमबी १ येतं. २०१७ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून विंडोज ते काढत आलं आहे, नव्या आवृत्त्यांत ते मुळात बसवलेलंच नसतं. २०१७ च्याच मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबी १ मधल्या फटीतून, हे लक्षात घेतलं तर ते पुन्हा चालू करण्याचा मोह आवरेल. शिवाय राउटरचा यूएसबी २ पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअरच देतो. पोर्टेबल डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त मागू शकते, मग ती मध्येच निखळते आणि ऐन लिहिताना फाइल सिस्टिम बिघडते. या सोयीवर बॅकअप ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

केबल

फाइल कॉपी होताना वेग ११-१२ मेगाबाइटवर अडकला असेल तर जोडणी गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर चालली आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. म्हणून एक तार निसटलेली केबलही ‘चालते’, फक्त हळू. दोन्ही टोकं नव्याने क्रिंप करून घ्या किंवा तयार कॅट ५ई, कॅट ६ केबल लावा. शुद्ध तांब्याची, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नको. फरक केवढा पडतो पाहा: ५०० जीबीचा पहिला बॅकअप गिगाबिटवर सव्वा तासाच्या आसपास होतो, १०० मेगाबिटवर बारा तास घेतो. रात्री दोनला लागलेला बॅकअप सकाळी लॅपटॉप मिटला की तुटतो, आणि दोष मात्र नॅसच्या माथी येतो.

ड्राइव्ह दिसतो, पण बॅकअप तरीही होत नाही

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे बॅकअपला दिलेला मार्ग. मॅप केलेला झेड ड्राइव्ह हा तुमच्या लॉगिनपुरता असतो. बॅकअपचं सॉफ्टवेअर सिस्टिमच्या खात्यातून चालत असेल तर त्याच्या दृष्टीने झेड अस्तित्वातच नाही. हाताने चालवला की चालतो, वेळापत्रकाने चालवला की पडतो, असं होत असेल तर हेच. बॅकअपमध्ये ड्राइव्हच्या अक्षराऐवजी दोन तिरक्या दंडांनी सुरू होणारा पूर्ण मार्ग द्या आणि नॅसचं नाव-पासवर्डही तिथेच नोंदवा.

रात्री दोनला लॅपटॉप झोपलेला असतो हेही विसरू नये. टास्क शेड्युलरमध्ये ‘वेळ चुकली तर जमेल तितक्या लवकर चालव’ हा पर्याय लावा, किंवा सरळ जेवणाच्या सुमाराची वेळ द्या. नॅसच्या डिस्क झोपल्या असतील तर जागं होऊन फिरायला त्यांना काही सेकंद लागतात आणि उतावीळ सॉफ्टवेअर तेवढ्यात हार मानतं. बॅकअपच्या तासापुरतं तरी डिस्कना झोपू देऊ नका. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) चालू असताना तिचा डेटा कॉपी करायला घेतला तर फाइल अडवलेली मिळते. आधी टॅली बंद, मग बॅकअप.

मराठी नावांच्या फाइलींचा एक खास दोष आहे आणि त्याबद्दल फारसं कुठे लिहिलेलं सापडत नाही. विंडोजवर फाइलचं नाव २५५ अक्षर-एककांपर्यंत चालतं. नॅस आतून बहुतेक वेळा लिनक्स असतो, तिथे मर्यादा २५५ बाइटची. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, हलन्त हेही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जातात. ‘विद्यार्थी’ या एका शब्दात दहा चिन्हं म्हणजे तीस बाइट. म्हणजे नॅसवर देवनागरी नाव जास्तीत जास्त ८५ चिन्हांचं. सिनॉलॉजीवर फोल्डर एन्क्रिप्ट केलेलं असेल तर मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं. ‘सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त अंतिम दुरुस्त’ असं नाव तिथे बसत नाही. लॅपटॉपवर ती फाइल उत्तम उघडते आणि बॅकअप दर रात्री तिच्यावरच अडखळतो. लॉगमध्ये ‘नाव फार लांब’ दिसलं तर हे आठवा. नाव छोटं करा, तारीख-वर्ष फोल्डरच्या नावात घाला.

जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस (फाइली साठवायची मॅकची जुनी पद्धत) डिस्कवरून आरसिंक या प्रती घेणाऱ्या प्रोग्रॅमने नॅसवर प्रती घेणाऱ्यांना ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांची’ अशी नावं दोनदा दिसू शकतात. ती डिस्क ‘ऱ’ हे अक्षर र आणि नुक्ता (खालचा टिंब) असं फोडून साठवते, बाकी यंत्रणा ते सहसा एकसंध ठेवतात, आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. मॅकवर नव्या आवृत्तीचं आरसिंक बसवून त्याच्या ‘आयकॉन्व्ह’ पर्यायाने हे सुटतं.

टाइम मशीन (मॅकचं बॅकअप सॉफ्टवेअर) वापरत असाल तर नॅसवर त्याला वेगळं फोल्डर द्या आणि कोटा लावा, मॅकच्या डिस्कच्या दुप्पट. कोटा नसेल तर ते मिळेल तेवढी जागा भरत जातं आणि एक दिवस सगळ्यांचेच बॅकअप जागेअभावी थांबतात.

हे चालू झाल्यावर

दोन डिस्कवर तोच डेटा, म्हणजे रेड १, हा बॅकअप नव्हे. फाइल चुकून पुसली तर ती दोन्हीकडून एकाच क्षणी जाते. सिंक करणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तसंच. रॅन्समवेअर (खंडणीखोर व्हायरस) मॅप केलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद करतं, म्हणून बॅकअपच्या फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार फक्त बॅकअपसाठी काढलेल्या वेगळ्या खात्याला द्या. रोजच्या खात्याला तिथे वाचण्यापलीकडे काही करता येऊ नये. नॅस बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल सिस्टिमवर असेल तर रोजचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) लावा. आणि एक यूएसबी डिस्क आठवड्याला भरून, काढून, दुसऱ्या घरी ठेवा.

‘यशस्वी’ असा संदेश पुरेसा नाही. महिन्यातून एकदा बॅकअपमधून एक मोठी फाइल, एक जुना फोटो आणि एक मराठी नावाची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून उघडून पाहा.

डिस्कची प्रकृती नॅसच्या स्टोरेज विभागात स्मार्ट नावाच्या पानावर दिसते. तिथले चार क्रमांक पाहायचे. ५, १९७ आणि १९८ यांच्यापुढचा मूळ आकडा शून्याहून वर जाऊन वाढत राहिला तर डिस्क खराब होतेय. वॉरंटी पाहा आणि बदला. १९९ मात्र डिस्कचा दोष सहसा सांगत नाही. तो वाढत असेल तर सॅटा केबल किंवा खाचेतली जोडणी सैल आहे. नॅस बंद करा, डिस्क काढून पुन्हा घट्ट बसवा, पीसीचा नॅस असेल तर केबल बदला, आणि आजचा आकडा लिहून ठेवा. तो मागे कधीच येत नाही, त्यामुळे पुढच्या महिन्यात तेवढाच राहिला तर काम झालं.